‘शरीर एवढंच प्रोटीन घेतं’ हे ठरवलं कुणी?

आजचा विषय जिममधून आलाय, पण त्याचा धागा धरून आपण बरंच मागे जाणार आहोत. स्वित्झर्लंडच्या एका डोंगरावर, मग कलकत्त्याच्या तुरुंगांत आणि तिथून सातारा जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय.

जिममध्ये जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं: “एका वेळी तीस ग्रॅमच्या वर प्रोटीन घेऊ नको, शरीर घेतच नाही, सगळं वाया जातं.” कुणी तीसच्या जागी वीस म्हणतं, कुणी पंचवीस. आणि घरी नेमकं उलटं ऐकायला मिळतं: “डाळ-भात खाऊन आमच्या पिढ्या शेतात राबल्या, कसलं आलंय तुझं प्रोटीन!”

आता गंमत अशी, की ही दोन्ही वाक्यं एकाच जुन्या प्रश्नाची उत्तरं आहेत. माणसाचं शरीर किती प्रोटीन घेऊ शकतं, आणि घेतलेल्यातलं किती कामाला लावू शकतं? यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. ते नुसतं प्रयोगशाळेत झालेलं नाही. कैद्याच्या थाळीत किती भात वाढायचा, कुणाला ‘लढवय्या’ म्हणायचं, सरकारने कुणाला उपाशी मानायचं, हे सगळं त्याच्यावर ठरत होतं.

आधी हिशोबाची पद्धत

प्रोटीन शरीरात किती गेलं आणि किती राहिलं, हे मोजायचं कसं? शास्त्रज्ञांनी याला एक साधी युक्ती काढली. आपल्या खाण्यात पिठूळ पदार्थ, साखर, तेल-तूप आणि प्रोटीन असतं. यांपैकी नायट्रोजन मुख्यतः प्रोटीनमध्येच असतो, आणि वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. म्हणजे नायट्रोजन मोजला आणि त्याला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन किती ते कळतं.

मग जमाखर्च मांडायचा. जेवणातला नायट्रोजन ही जमा. शौचातून गेलेला नायट्रोजन म्हणजे ढोबळमानाने आतड्याने न शोषलेलं प्रोटीन. लघवीतून गेलेला नायट्रोजन म्हणजे आत शोषलं गेलं, पण शेवटी मोडून इंधन म्हणून जाळलं गेलं असं प्रोटीन.

बघा, इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक शोषण, म्हणजे आतड्यातून रक्तात जाणं. दुसरी वापर, म्हणजे त्यापासून स्नायू, रक्त, केस, एन्झाइम्स बनणं. जिममधलं ते वाक्य या दोन गोष्टींची खिचडी करतं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दोन प्राध्यापक आणि एक डोंगर

१८४० च्या दशकात युरोपात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शब्द म्हणजे प्रमाण. त्याचं म्हणणं असं, की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःच झिजतात. म्हणजे स्नायूंचं इंधन प्रोटीन. म्हणून जो जास्त कष्ट करतो त्याला जास्त मांस हवं. ऐकायला एकदम पटणारं आहे. आजही कितीतरी जणांना असंच वाटतं.

१८६५ मध्ये झुरिचच्या दोन प्राध्यापकांनी हे तपासायचं ठरवलं. अडोल्फ फिक हा शरीरशास्त्रज्ञ आणि योहानेस विस्लिसेनस हा रसायनशास्त्रज्ञ. आदल्या दुपारपासून दोघांनी प्रोटीन पूर्ण बंद केलं. खायला काय, तर स्टार्चच्या पिठाच्या, चरबीत तळलेल्या टिकिया आणि गोड चहा. ३० ऑगस्टला ते आल्प्समधल्या फाउलहॉर्न डोंगरावर चढले. उभी चढाई १,९५६ मीटर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. चढताना आणि त्यानंतरही दोघं आपापली लघवी बाटल्यांत साठवत होते.

नंतर हिशोब मांडला. फिकचं वजन ६६ किलो, विस्लिसेनसचं ७६. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला किती ऊर्जा लागते ते गणिताने काढता येतं. लघवीतल्या नायट्रोजनवरून प्रत्येकाने किती प्रोटीन जाळलं तेही काढलं. ते निघालं सुमारे ३७ ग्रॅम. पुढच्या वर्षी एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रोटीन जाळून त्यातून किती उष्णता मिळते हे प्रत्यक्ष मोजलं. ताळा लावला तर त्या ३७ ग्रॅममधून चढाईच्या कामाची साधारण निम्मीच ऊर्जा मिळत होती. शिवाय हृदय धडधडतं, श्वास चालतो, अंगातून उष्णता जाते, तो खर्च धरलेलाच नाही.

म्हणजे उरलेली ऊर्जा त्या तळलेल्या टिकियांनी आणि साखरेने पुरवली होती! स्नायू मुख्यतः पिठूळ पदार्थ आणि चरबी जाळून चालतात. प्रोटीन हे बांधकामाचं साहित्य आहे. ते इंधन म्हणूनही जळू शकतं, पण तो त्याचा महागडा उपयोग.

११८ ग्रॅमचा आकडा

लीबिगचा सिद्धांत पडला, पण ‘जास्त प्रोटीन म्हणजे जास्त ताकद’ ही समजूत पडली नाही. म्युनिकच्या कार्ल फॉइट यांनी जर्मन कामगार काय खातात ते मोजलं आणि मध्यम कष्टाच्या माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रोटीन हवं असं सांगितलं. हा आकडा पुढे जगभर मापदंड झाला.

पण त्यातली मेख बघा. फॉइट यांनी लोक काय खातात ते मोजलं होतं. त्यांना किती पुरेसं आहे, हा प्रश्न वेगळा. पैसे हातात असले की माणूस मांस जास्त खातो. त्यावरून त्याला तेवढं लागतंच असं सिद्ध होत नाही.

१९०२ ते १९०४ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठात रसेल चिटेंडन यांनी हाच मुद्दा धरला. आधी स्वतःवर प्रयोग केला, मग सहकारी प्राध्यापक, लष्कराचे जवान आणि विद्यापीठातले खेळाडू यांच्यावर. महिनोन् महिने फॉइटच्या निम्म्याच्या आसपास, काहींना त्याहूनही कमी प्रोटीन दिलं. माणसं धडधाकट राहिली, नायट्रोजनचा जमाखर्च जुळला, आणि जवान-खेळाडूंची ताकद मोजली तर ती वाढलेली निघाली. आता नियमित व्यायामाने ती वाढली असणार हेही खरं. पण निदान घटली तरी नाही.

कलकत्त्याच्या तुरुंगात

इथे गोष्ट आपल्याकडे येते. कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये डेव्हिड मॅके नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी बंगाली लोकांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला. तो दिवसाला सहा ग्रॅमच्या आसपास निघाला. ६.२५ ने गुणा: जेमतेम ३७-३८ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे चिटेंडन जो प्रयोग काही महिने करत होते, तो बंगालमध्ये लाखो लोक जन्मभर करत होते, आणि हौस म्हणून तर नक्कीच नाही.

मग मॅके यांनी बंगालच्या तुरुंगांतला आहार तपासला. तुरुंग म्हणजे संशोधकाला सोयीची जागा. कोण किती खातो, किती काम करतो, सगळं नियंत्रणात. कैद्यांना नाही म्हणायची सोय किती होती, ते तुम्हीच समजून घ्या. झुरिचचे प्राध्यापक मनाला आलं की प्रयोग थांबवू शकत होते. हे नव्हते.

१९१० च्या त्यांच्या अहवालात एक खरोखर महत्त्वाची गोष्ट होती. ताटात कागदावर किती प्रोटीन आहे आणि आतड्यातून किती शोषलं जातं, यात मोठी तफावत होती. भाताचं प्रमाण जसजसं वाढतं, तसतसा न शोषला जाणारा वाटा वाढतो, असं त्यांना दिसलं. आजही हे तत्त्व मान्य आहे. दूध-अंड्यातलं प्रोटीन सुमारे ९५ टक्के शोषलं जातं, डाळी-कडधान्यांचं त्यापेक्षा बरंच कमी. शौचातला काही नायट्रोजन आतड्यातल्या जिवाणूंचा आणि झडलेल्या पेशींचाही असतो, म्हणून हा हिशोब दिसतो तितका सोपा नाही. पण मुद्दा बरोबर होता: डबीवर लिहिलेले ग्रॅम आणि रक्तात पोचलेले ग्रॅम एक नसतात.

पण मॅके इथे थांबले नाहीत. १९१२ च्या पुस्तकात त्यांनी बंगाली, शीख, राजपूत, गुरखा यांची तुलना करून निष्कर्ष काढला, की प्रोटीन जास्त खाणारे समाज उंच, धट्टेकट्टे आणि शूर, कमी खाणारे दुबळे. ब्रिटिशांची ‘लढवय्या जमाती’ची कल्पना १८५७ नंतर जोरात होती, सैन्यभरती पंजाबकडे वळली होती. आता त्या कल्पनेला ग्रॅममध्ये पुरावा मिळाला!

यात काय काय सुटलं, याचा विचार करा. बंगालमधला मलेरिया सुटला. पोटातले जंत सुटले. ज्याच्याकडे दूध-गहू घ्यायला पैसे आहेत, त्याच्याकडे बाकीचंही चांगलंचुंगलं असतं, हे सुटलं. प्रोटीन कमी खाल्ल्याने माणूस दुबळा होतो की गरिबीमुळे तो प्रोटीनही कमी खातो आणि आजारीही जास्त पडतो, हा प्रश्नच विचारला गेला नाही.

पुढे कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांचा आहार दिला. शिखांचा आहार पहिला, मग पठाण, तिसरा मराठ्यांचा, सर्वात शेवटी मद्रासचा. त्यांनी श्रेय एकट्या प्रोटीनला दिलं नाही. दूध, पालेभाज्या, जीवनसत्त्वं, धान्य कांडून पांढरं केलेलं आहे की नाही, असं सगळं ताट त्यांनी पाहिलं. एकाच जातीचे उंदीर नुसत्या ताटामुळे वेगळे दिसू लागले, म्हणजे ‘रक्तातच फरक’ हा दावा तिथेच ढिला पडायला हवा होता.

बुध गावचा संख्याशास्त्रज्ञ

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्न जागतिक झाला. आफ्रिकेत पोट फुगलेली, अंगावर सूज आलेली मुलं दिसत होती. या आजाराला क्वाशिओरकोर म्हणतात, आणि त्याचं कारण प्रोटीनची कमतरता असं मानलं गेलं. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी ‘येऊ घातलेल्या प्रोटीन संकटा’वर अख्खा अहवाल काढला. माशांची पूड, पेट्रोलियमवर वाढवलेलं यीस्ट, काय काय योजना निघाल्या. आपल्याकडे म्हैसूरच्या सीएफटीआरआयने तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून ‘मल्टिपर्पज फूड’ तयार केलं होतं.

या सगळ्या गदारोळात एक माणूस आकडे घेऊन उभा राहिला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, मग लंडनला. १९५१ पासून रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख.

सुखात्म्यांनी भारतातल्या कुटुंबांच्या आहाराची आकडेवारी तपासली आणि एक साधा प्रश्न विचारला: ज्यांना प्रोटीन कमी पडतंय, त्यांचं पोट तरी भरतंय का? उत्तर असं निघालं, की पोट भरत असूनही प्रोटीन कमी आहे अशी माणसं फार थोडी. ज्यांना प्रोटीन कमी, त्यांना बहुतेक करून एकूण अन्नच कमी.

हे स्वयंपाकघरातल्या भाषेत बघू. ४०० ग्रॅम गव्हाच्या पिठात चाळीस ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, ६० ग्रॅम तूरडाळीत तेराच्या आसपास. पोटभर पोळ्या आणि डाळ खाणारा माणूस दुसरं काही न खाता पंचावन्नच्या जवळ पोचतो. कंदमुळांवर किंवा केळ्यांवर जगणाऱ्या भागात हे गणित बसत नाही, कारण त्यांत प्रोटीन फार कमी. पण ज्वारी, गहू, डाळ यांत बसतं.

आणि आता फाउलहॉर्न आठवा. पोट भरलं नाही, तर शरीर आहे ते प्रोटीन जाळून ऊर्जा काढतं. मग उपाशी मुलाला प्रोटीनची महाग पावडर दिली, तरी ती चुलीतच जाणार. बांधकामाच्या विटा जाळून चहा करण्यासारखं ते. आधी सरपण द्या, म्हणजे पोटभर अन्न द्या, असं सुखात्मे सांगत होते.

हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनाही मुलांच्या आहारात असंच दिसलं होतं: सूज आलेली मुलं आणि नुसती हाडं राहिलेली मुलं, दोघांच्या खाण्यात फरक सापडला नाही. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी या सगळ्या मोहिमेला ‘प्रोटीनचा महाफज्जा’ अशा अर्थाचं नाव दिलं.

पण गोष्ट इथे संपत नाही

सुखात्मे पुण्यात परतले आणि पुढचं पाऊल टाकलं. अमेरिकेतल्या शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर १९७८ मध्ये त्यांनी मांडलं, की एकाच माणसाचा नायट्रोजनचा जमाखर्च रोज वर-खाली होतो. जेवण तेच असलं तरी. याचा अर्थ शरीर स्वतःला जुळवून घेतं: कमी मिळालं की काटकसर करतं, जास्त मिळालं की सैल सोडतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणं चूक.

शरीर जुळवून घेतं, हे खरंच आहे. पण हे वाक्य सरकारी टेबलावर गेलं की काय होतं? त्याच पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २,२५० कॅलरी धरून देशातली गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचं म्हणणं मानलं तर ती रेषा खाली येते. रेषा खाली आली की गरिबांची संख्या कमी होते. कुणाच्याही ताटात एक भाकरी न वाढता! यावर दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात चांगलीच जुंपली.

गोपालन तर ‘प्रोटीनआधी पोटभर अन्न’ या मुद्द्यावर सुखात्म्यांच्या जवळचे. पण जुळवून घेण्याच्या सिद्धांताला त्यांनी कडाडून विरोध केला. खुजं पण निरोगी शरीर ही कल्पना फक्त गरिबांसाठीच का, असा त्यांचा रोख होता. शरीर काटकसर करतं ते फुकट नाही. उंची कमी राहते, काम कमी होतं, आजारातून उठायला वेळ लागतो. तगून राहणं आणि नीट वाढणं यांना एकाच रेषेने मोजता येत नाही.

आंतरराष्ट्रीय आकडाही स्थिर राहिला नाही. प्रौढ पुरुषासाठी १९७३ मध्ये वजनाच्या दर किलोमागे ०.५७ ग्रॅम, १९८५ मध्ये ०.७५, २००७ मध्ये ०.८३. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आधी ३४ ग्रॅम, मग ४५, मग ५०. शरीर तेच, आकडे बदलले. आयसीएमआरनेही २०२० मध्ये ०.८३ च धरलाय. धान्य-डाळींवरच भर असेल, तर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास धरा.

मग तीस ग्रॅमचं काय?

आता परत जिममध्ये या. २००९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सहा तरुणांना पायांच्या व्यायामानंतर अंड्याचं प्रोटीन दिलं गेलं: ०, ५, १०, २० आणि ४० ग्रॅम. पुढच्या चार तासांत स्नायू बनण्याचा वेग २० ग्रॅमपर्यंत वाढला, ४० ला फारसा पुढे गेला नाही, आणि जळणारा वाटा वाढला. ‘वीस-तीसच्या वर वाया’ म्हणणारे हाच प्रयोग दाखवतात. पण नीट बघा. माणसं सहा, व्यायाम फक्त पायांचा, मोजमाप चार तासांचं. आणि शोषण थांबलं असं तो प्रयोग म्हणतच नाही.

२०२३ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमध्ये मोजमाप १२ तास चाललं. खुणा केलेली अमिनो आम्लं गायींना देऊन त्यांच्या दुधातून प्रोटीन काढलं, म्हणजे ते शरीरात कुठे गेलं याचा माग काढता येतो. पूर्ण अंगाच्या व्यायामानंतर काहींना २५ ग्रॅम दिलं, काहींना १०० ग्रॅम. २५ ग्रॅमचा परिणाम लवकर ओसरला. १०० ग्रॅमचं प्रोटीन मात्र तासन् तास रक्तात येत राहिलं आणि १२ तासांनंतरही स्नायूंत वापरलं जात होतं. आतडं ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावत नाही. जास्त आलं तर हळूहळू, जास्त वेळ घेऊन काम करतं.

याचा अर्थ शंभर ग्रॅम एकदम ढोसा असा नाही. महिनोन् महिने तसं खाल्ल्याने जास्त स्नायू येतात, हे या प्रयोगाने दाखवलेलं नाही. दिवसाची बेरीज जास्त महत्त्वाची, एवढं धरा. वजन उचलणाऱ्यांच्या ४९ प्रयोगांचा २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा दिसेनासा झाला. ६० किलोला ते होतात ९६ ग्रॅम. दोनदा जेवा, चारदा जेवा, तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे वाटून घ्या. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि डाएट म्हणून पोळी-भात बंद करून नुसत्या पावडरीवर राहत असाल, तर सुखात्म्यांचं सरपण आठवा. पोट रिकामं ठेवून घेतलेल्या महागड्या प्रोटीनमधला बराच भाग शरीर जाळूनच टाकणार.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘शरीर एवढंच घेतं’ असा आकडा सांगितला, तर तीन गोष्टी विचारा. कुणाला मोजलं? किती वेळ मोजलं? आणि त्या माणसाचं पोट भरलेलं होतं का?